मागावरचे कार्ड

संगणकाला आज्ञा लिहून देणारा प्रोग्रॅमर आज आपल्याच यंत्रावर रुसलेला दिसतो. कामगार चळवळीत हिंडताना अशी माणसे आम्हांस भेटतात. पगार बरा, बसायला गार खोली. पण वर्षभर खपून केलेले काम एका फेरबदलात पुसले जाते, आणि काल शिकलेले हत्यार आज वरून कोणी बदलून टाकतो. मग त्यांतला एखादा सुट्टीच्या दिवशी हातमागावर जाऊन बसतो नि म्हणतो, येथे निदान कापड दिसते. पोट भरलेल्यांचे दुखणे म्हणून लोक याला हसतात. आम्हांस ते हसणे योग्य वाटत नाही. हे दुखणे जुने आहे आणि त्याचे मूळ मागातच आहे.

फ्रान्समधील लियाँ हे रेशमाचे शहर. तेथे नक्षीचे कापड विणताना एक जण धोटा टाकी आणि दुसरा, बहुधा एखादे पोर, दोऱ्या ओढून नक्षीपुरते उभे धागे वर उचली. १७२५ साली बूशाँने या कामासाठी भोके पाडलेला कागद वापरला, फाल्काँने पुठ्ठ्याची कार्डे आणली आणि १८०४ च्या सुमारास जोसेफ मारी जाकार याने ही सारी खटपट एका मागात जुळवून आणली. युक्ती साधी होती. कार्डाला भोक असेल तेथे सुई आत शिरते व तिचा आकडा धागा उचलतो. भोक नसेल तेथे सुई मागे रेटली जाते आणि धागा खालीच राहतो. दर आडव्या धाग्याला एक कार्ड.

दोऱ्या ओढणारे पोर सुटले, पण कार्डांना भोके पाडणारा कारागीर वेगळा झाला. चौकटीच्या कागदावरची नक्षी पाहून तो भोके पाडी. कापड विणी दुसराच. पुढे चार्ल्स बॅबेज यांनी आपल्या नियोजित गणनयंत्रासाठी हीच कार्डे योजली. १८९० साली अमेरिकेच्या जनगणनेत होलेरिथ यांनी माहिती मोजण्यासाठी भोकांची कार्डे वापरली आणि विसाव्या शतकात प्रोग्रॅमरही कार्डांवरच आज्ञा लिहू लागले. तेव्हा प्रोग्रॅमर हा त्या भोके पाडणाऱ्याचाच वंशज होय. कापडाला आपला हात लागत नाही, ही त्याची खंत त्याच्या धंद्याच्या जन्मापासूनची आहे.

हे दोन हात एकदा पुन्हा जवळ आले होते. चंद्रावर गेलेल्या अपोलो यानांच्या संगणकातील कायमची स्मृती कारखान्यातील स्त्रियांनी तारांनी हाताने विणली. तार चुंबकीय कड्यातून गेली की एक, बाहेरून गेली की शून्य. विणून झाल्यावर चूक सुधारणे फार जड, म्हणून प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला विणणारीच्या हाताचा विचार आधीच करावा लागे.

आता लियाँच्या विणकरांकडे परत येऊ. त्यांच्यातल्या कारखानदार विणकरांचे माग स्वतःचे होते. परंतु रेशीम व्यापाऱ्याचे आणि मजुरीचा दरही त्यानेच ठरवायचा. १८३१ च्या ऑक्टोबरात किमान दराचा करार झाला. काही व्यापाऱ्यांनी तो झुगारला, तेव्हा नोव्हेंबरात विणकर उठले आणि त्यांनी शहर ताब्यात घेतले. डिसेंबरात सैन्य आले आणि दर रद्द झाला. लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की, त्यांचे भांडण जाकारच्या मागाशी नव्हते. जगण्यापुरता दर मिळावा, एवढीच त्यांची मागणी होती.

आमच्या येवल्याच्या पैठणीकडे पाहावे. पदरावरच्या मोराचा प्रत्येक रंग विणकर वेगवेगळ्या कांडीने हाताने गुंफतो, आणि चुकलेला धागा बोटाखालीच कळतो. हे सुख खरे आहे. पण व्यापाऱ्याच्या रेशमावर मजुरीने विणणाऱ्याला त्या सुखाबरोबर ठरलेला दरही मुकाट्याने घ्यावा लागतो. हात कापडाला लागला म्हणजे माणूस मोकळा झाला, असे नव्हे.

म्हणून सुट्टीला मागावर बसणाऱ्या प्रोग्रॅमरला आमचे सांगणे एवढेच. जरूर बसा, बोटांना शहाणपण येईल. पण सोमवारी कामावर परतल्यावर हत्यार केव्हा बदलायचे, काम किती वेगाने करायचे आणि केलेले काम कोणी पुसायचे, याविषयी बोलण्याचा हक्क चारचौघांनी मिळून मागा. लियाँचे विणकर हरले खरे. पण त्यांनी यंत्र फोडण्याऐवजी दर मागितला, हे त्यांचे शहाणपण अजून उपयोगी पडणारे आहे.