येरवड्याचे दोन मध्यस्थ

इ. स. १९३० च्या २३ जुलै रोजीं सर तेजबहादूर सप्रू आणि बॅ. मुकुंद रामराव जयकर हे दोन विधिज्ञ पुण्याच्या येरवडा तुरुंगांत महात्मा गांधींच्या भेटीस गेले. मिठाचा सत्याग्रह ऐन भरांत होता. गांधीजींना ५ मे रोजीं कराडी येथें पकडून याच तुरुंगांत आणलें होतें. त्याच आठवड्यांत सोलापुरांत गोळीबार झाला, पोलीसहि मारले गेले, आणि १२ मेला तें शहर लष्करी कायद्याखालीं गेलें. सरकार व काँग्रेस यांच्यांतील बोलणें तुटलें होतें. तें पुन्हां सुरू करणारा माणूस दोहोंच्या बाहेरचाच हवा होता.

सप्रू नेमस्त पक्षाचे. जुन्या इंपीरियल कौन्सिलचे ते सभासद होते व पुढें व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळांत कायदेखातें त्यांच्याकडे होतें. जयकर मुंबई कौन्सिलांत स्वराज्य पक्षाचे पुढारी. पुढें प्रतियोगी सहकारितेचा मार्ग पत्करून ते पंडित मोतीलाल नेहरूंपासून दूर झाले आणि मध्यवर्ती कायदेमंडळांत विरुद्ध गोटांत बसूं लागले. या दोघांचेंहि आपसांत नेहमीं जुळे असें नाहीं. १९२८ च्या डिसेंबरांत कलकत्त्याच्या सर्वपक्षीय परिषदेंत बॅ. जिनांच्या मागण्या मान्य कराव्या असें सप्रूंनीं सांगितलें, तर जयकर त्याविरुद्ध उभे राहिले. अशा दोघांनीं शांततेसाठीं तुरुंगामागून तुरुंग हिंडावे, हें त्या काळच्या राजकारणांत विशेषच म्हटलें पाहिजे.

गांधीजींचें टिपण घेऊन ते अलाहाबादेजवळच्या नैनी तुरुंगांत मोतीलाल व जवाहरलाल यांना भेटले. एकमेकांना विचारल्यावांचून दोन्ही तुरुंगांतील पुढारी शब्द देईनात. तेव्हां सरकारनें खास आगगाडीनें नैनीचे बंदी पुण्यास आणले, आणि १३ ते १५ ऑगस्ट असे तीन दिवस वल्लभभाई, सरोजिनीबाई, जयरामदास यांच्यासह तुरुंगाच्या भिंतीआड बैठक भरली. ज्या संस्थेची कार्यकारिणी बेकायदा ठरविली, तिच्याच पुढाऱ्यांची सभा सरकारी खर्चानें भरावी, यांतील गंमत पुणेकरांच्या नजरेंतून सुटली नसेल!

मागण्या मात्र कडक होत्या: साम्राज्यांतून स्वेच्छेनें बाहेर पडण्याचा हक्क, संरक्षण व अर्थकारण हातीं असलेलें जबाबदार राष्ट्रीय सरकार, आणि सरकारी कर्जासह ब्रिटिशांच्या दाव्यांची स्वतंत्र लवादाकडून तपासणी. या पायावर चर्चा अशक्य आहे, असें लॉर्ड आयर्विन यांनीं २८ ऑगस्टच्या पत्रांत कळविलें. सप्टेंबरच्या आरंभीं वाटाघाटी फसल्याचें जाहीर झालें. या अपयशाचा दोष मध्यस्थांच्या पदरीं बांधणें न्याय्य होणार नाहीं. मध्यस्थाजवळ देण्यासारखें स्वतःचें कांहींच नसतें. एका बाजूचा शब्द न फिरवितां दुसरीकडे पोंचविणें एवढेंच त्याच्या हातीं असतें. तें या दोघांनीं केलें, आणि सारा पत्रव्यवहार लोकांपुढें मांडला.

म्हणूनच त्यांचा शब्द पुढेंहि चालला. लंडनच्या गोलमेज परिषदेहून परतल्यावर सप्रू, जयकर व श्रीनिवास शास्त्री यांनीं १९३१ च्या फेब्रुवारींत गांधीजींना व्हाइसरॉयच्या भेटीस राजी केलें. ५ मार्चला करार झाला व सत्याग्रही कैदी सुटले. हिंसेचा आरोप असलेले मात्र वगळले होते. सोलापूरचे मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांच्यापुरता तर तोहि प्रश्न उरला नव्हता. १२ जानेवारीस, मध्यस्थ लंडनमध्यें बोलत असतां, येरवड्याच्या त्याच तुरुंगांत त्यांना फांशीं देण्यांत आलें होतें.