शिंदे-होळकरांचे सख्य आणि उज्जैन

लोकसमूहाचे ऐक्य तो समानपणे कशावर प्रेम करतो यावरून ओळखावे, असे संत ऑगस्टीन यांनी प्रतिपादिले. त्या कसोटीवर उज्जैनचा इतिहास तपासावा, असे आम्हांस वाटते.

राणोजी शिंदे व मल्हारराव होळकर हे पहिल्या बाजीरावांच्या हाताखाली बरोबरीने पुढे आलेले सरदार. माळव्याच्या वाटणीत उज्जैन शिंद्यांकडे गेले, इंदूर होळकरांकडे; दोहोंत अंतर सुमारे 55 किलोमीटर. राणोजींचे दिवाण रामचंद्रबाबा सुखठणकर यांनी महाकालेश्वराचे मंदिर पुन्हा उभारले, हे उज्जैनकर आजही सांगतात. परंतु या सख्याचा आधार स्वारी, चौथाई आणि मुलूख हाच होता. रयत त्यात भागीदार नव्हती. कुंभेरच्या वेढ्यात, 1754 मध्ये, दोन घराण्यांत तेढ पडली. 1793 मध्ये लाखेरीस ती उघड लढाईवर आली. जुलै 1801 मध्ये यशवंतराव होळकरांनी उज्जैन येथे दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला, आणि ऑक्टोबरात शिंद्यांच्या सैन्याने इंदूर लुटले. तेथील विणकर व सराफ कोणाचे वैरी होते?

पुढे 1810 मध्ये शिंद्यांनी राजधानी ग्वाल्हेरजवळ लष्कर येथे हलविली. उज्जैनच्या रहिवाशांस त्या वेळी कोणी विचारले असेल, असे आम्हांस वाटत नाही.