बोटाचें वाचन आणि मोडलेलीं अक्षरें

खडकीचें नांव इंग्रजांच्या लेखणींतून ‘किर्की’ असें उतरलें, आणि ५ नोव्हेंबर १८१७ च्या लढाईमुळें त्यांच्या इतिहासग्रंथांत तें विकृत रूपच रूढ झालें. परक्या लिपींत नांवाची अशी दशा व्हावी यांत नवल नाहीं. पण आपल्याच लिपींत शब्द मोडलेले पाहण्याचा प्रसंग अलीकडेच मराठी वाचकांवर येऊन गेला.

२००७ सालीं आयफोन निघाला. त्यांतील सफारी ब्राउझरांत पान बोटानें सरकवावें, दोन बोटें फांकवून मोठें करावें, अशी सोय होती. पाठोपाठ अँड्रॉइडचे फोन आले. युनिकोडानें देवनागरी वर्णांस १९९१ मध्येंच क्रमांक दिले होते. परंतु क्रमांकांवरून जोडाक्षर घडविण्याची विद्या अँड्रॉइडच्या आरंभींच्या आवृत्त्यांस नव्हती. कोठें नुसते चौकोन दिसत; कोठें ‘खडकी’ शाबूत राही, पण ‘युद्ध’ पाय मोडून पडे, आणि ‘किर्की’ची वेलांटी पुढच्या अक्षरावर चढे.

ऑपेरा मिनी या ब्राउझरानें तोड काढली. अक्षरें दूरच्या संगणकावर चितारून चित्ररूपानें फोनवर धाडण्याची सोय त्यांत एका आडबाजूस ठेविलेली होती. पान जड होई, पण मराठी वाचतां येई. पुढें ती विद्या खुद्द फोनांतच आली.

यंत्राचा दोष असा दूर झाला. परंतु रोमन अक्षरांत मराठी लिहिण्याची जी संवय त्या काळांत अनेकांस अधिकच जडली, ती कोणत्याही नव्या आवृत्तीनें जात नाहीं. खडकीच्या युद्धस्मशानाचें इंग्रजी नांव अद्याप ‘किर्की’च आहे.