कोज्येचा ‘को’

कोसाइनमधला ‘को’ आणि कोज्येतला ‘को’ एकच का? कान म्हणतात एकच. पण कोज्या ही कोटिज्येची झिजलेली लेक. कोटि म्हणजे धनुष्याचे टोक, ज्या म्हणजे दोरी; गणितींनी तिचा अर्धा भाग घेतला, तोच आजचा साइन. (शब्दांवर कोटी करणाऱ्याची कोटीही त्याच टोकदारपणातून आली असावी.) कोसाइनचा ‘को’ मात्र लॅटिन. एडमंड गुंटरने १६२० साली ‘कोटिकोनाचा सायनस’ आखडून ‘को-सायनस’ केला. तेव्हा हा योगायोगच दिसतो.

सायनसची कथा त्याहून गमतीची. ज्येचाच पर्याय जीवा. अरबांनी ती ‘जीबा’ अशी उचलली. लिहिताना ऱ्हस्व स्वर गळतात, म्हणून पुढच्यांनी ती ‘जैब’ वाचली असावी. जैब म्हणजे अंगरख्याचा छातीवरचा घोळ. बाराव्या शतकातल्या भाषांतरकारांनी त्याला सरळ लॅटिन ‘सायनस’ केले. तीच जैब फारसीतून हिंदीत जेब झाली. म्हणजे अमरावतीच्या बाजारात कानी पडणारा जेबकतरा आणि साइन एकाच गोत्राचे! खुद्द दोरीला फारसीत ‘जिह’ म्हणतात, ती ज्येची सख्खी बहीण दिसते.

आर्यभटाने ज्येचे चढ पूर्णांकांत बांधले: २२५, २२४, २२२, २१९... असे उतरत शेवटी ३७, २२, ७. चोवीस पायऱ्या, बेरीज ३४३८. हीच माळ उलटी ओढली की कोटिज्येचा उतार मिळतो: ३४३८, ३४३१, ३४०९, ३३७२, ३३२१, ३२५६, ३१७७... आधी दबकत, मग धावत. अक्षांशाच्या कोटिज्येला ज्योतिषी लंबज्या म्हणत. गुरुकुंज मोझरी सुमारे २१ अंशांवर. तिची लंबज्या या माळेत ३२५६ आणि ३१७७ यांच्या मध्ये, ३२०९च्या आसपास बसते. तुकडोजी महाराजांच्या या आश्रमगावाला हा आकडा कोणी चिकटवला असेल असे वाटत नाही, पण पंचांगकर्त्याला तिथले दिनमान काढताना अशाच आकड्यांशी झोंबावे लागे.

आता शाळेत साइन-कोसाइनच. तरी ज्या पुरती गेलेली नाही. मोझरीतले पोर वर्तुळाची ‘त्रिज्या’ म्हणते, त्यातला ‘त्रि’ तीन राशींचा: तीन राशी म्हणजे नव्वद अंश, आणि तिथली ज्या अर्थातच वर्तुळाच्या निम्म्या रुंदीएवढी. ‘जीवा’ही आहे, पण ती अर्धी नव्हे, अख्खी दोरी. गणितींनी कापून घेतलेला अर्धा भाग शालेय पुस्तकाने तिला परत जोडून दिलेला दिसतो.