काखेतलं मुसळ

नागपुरात सक्करदरा चौकात, उमरेड रोडवर, शासकीय आयुर्वेद महाविद्यालय आहे. इथे शिकणाऱ्यांच्या वाट्याला सुश्रुतसंहितेतला भग्नचिकित्सेचा अध्याय येतो. निखळलेल्या खांद्याचा उपाय त्यात अगदी थोडक्यात सांगितलाय: काख मुसळाने वर उचलायची, सांधा जागेवर बसला की स्वस्तिकबंध बांधायचा. मुसळ म्हणजे आपलं कांडायचं मुसळ, दुसरं काही नाही.

हिपोक्रेटिसच्या नावावर असलेल्या सांध्यांवरच्या ग्रीक ग्रंथातही मुसळच भेटतं. त्याला मऊ कापड गुंडाळा आणि फासळ्या नि दंडाच्या हाडाचं डोकं यांच्यामध्ये सारा, असं तो ग्रंथ सांगतो. शिडीवरून, दारावरून हात लोंबकळवायचा, काखेत टाच रोवून ओढायचं, हेही त्यात आहे. कोणी कोणाकडून घेतलं हा वाद मला महत्त्वाचा वाटत नाही. काखेत मावेल असं गोल, गुळगुळीत आणि न मोडणारं लाकूड दोन्हीकडच्या घरांत हाताशी होतं, एवढं पुरेसं आहे.

पण काख म्हणजे काही रिकामी खोबण नाही. मानेतून निघालेल्या, अख्ख्या हाताला चालवणाऱ्या नसांचा जुडगा तिथूनच जातो. त्यातली एक, ॲक्सिलरी नर्व्ह, दंडाच्या हाडाच्या मानेला मागून वळसा घालून खांद्यावरच्या डेल्टॉइड स्नायूपर्यंत पोचते. खांदा बहुतेक वेळा पुढे आणि खाली निखळतो. तेव्हा हाडाचं डोकं नेमकं या वळशाला ताण देतं. मग खांदा बसतो, दुखणं उतरतं, तरी हात बाजूला उचलत नाही. काही आठवड्यांत खांद्याची गोलाई सपाट दिसू लागते आणि घरचे म्हणतात, बसवणाऱ्याने नस तोडली. खरं तर बहुतेकदा नस दुखावते ती खांदा निखळतानाच.

जुन्यांना हे अजिबात ठाऊक नव्हतं असं म्हणवत नाही. सुश्रुताच्या १०७ मर्मांत छाती आणि काख यांच्यामध्ये कक्षाधर हे मर्म आहे आणि तिथे इजा झाली तर पक्षाघात, असं स्पष्ट म्हटलंय. खांद्यावरच्या अंस मर्माला इजा झाली तर हात ताठरतो. म्हणजे काखेच्या आसपासची जखम हात लुळा करते, हे कोणीतरी डोळ्यांनी पाहिलं होतं. ही दोन्ही मर्मं स्नायुमर्मं आहेत. इथे शब्द मोठा फसवा आहे. सुश्रुताचा स्नायू म्हणजे बांधून ठेवणारा दोर. तोच शब्द मराठीत मांसपेशी झाला आणि बंगालीत नर्व्ह. ग्रीकांच्या ‘न्यूरॉन’चाही मूळ अर्थ दोर, कंडराच. आपण आजही शीर, कंडरा, नर्व्ह या तिन्हींना ‘नस’ म्हणतो. नाव वेगळं नसलं की वेगळा प्रश्नही सुचत नाही. मला वाटतं, हाड बसवण्याची कला हजारो वर्षं पुढे गेली आणि नसेची विचारपूस मागे राहिली, त्याचं एक कारण हे असावं.

कला खरोखरच जुनी आहे. इजिप्तमध्ये दैर अल-मदिना इथे इपूई नावाच्या कारागिराच्या थडग्यात एक चित्र आहे, रामसेस दुसऱ्याच्या काळातलं. त्यात एक जण दुसऱ्याचा हात ज्या रीतीने धरून आहे, तिचं १८७० मध्ये थिओडोर कोखरने सांगितलेल्या पद्धतीशी विलक्षण साम्य आहे. कोपर दुमडून हात हलकेच बाहेर फिरवायचा, मग आत आणायचा. काखेत ना मुसळ, ना टाच.

नसेच्या इजेची नीट उकल मात्र अगदी अलीकडची. तुटलेल्या तंतूचा पुढचा भाग मरतो, हे ऑगस्टस वॉलरने १८५० मध्ये दाखवलं. १९४३ मध्ये हर्बर्ट सेडन यांनी इजेच्या तीन पायऱ्या मांडल्या: नस नुसती बधिरते, आतला तंतू तुटतो पण आवरण टिकतं, किंवा सगळंच तुटतं. रुग्णासाठी या पायऱ्या म्हणजे वेळापत्रक आहे. पहिल्या पायरीत नस काही आठवड्यांत आपोआप जागी होते. दुसऱ्या पायरीत तंतू दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढतो, म्हणून महिने मोजावे लागतात. तिसरीत वाट पाहणं घातक ठरतं, कारण नसेविना उपाशी पडलेला स्नायू कायम थांबत नाही. २००३ मध्ये बँकॉकच्या सोमसाक लीचावेंगवोंग्स यांनी अशा नसेला जवळच्या ट्रायसेप्स स्नायूकडे जाणाऱ्या नसेची एक शाखा जोडून दाखवली. बहुतेकांवर ती पाळी येत नाही, त्यांची नस स्वतःच सावरते. पण कोणाची सावरणार नाही हे वेळेत कळायचं तर पहिल्या दिवसाची नोंद हवी.

म्हणून मैदानावर खांदा निखळला की चौघं धावतात आणि एक जण हात धरून हिसका देतो, त्या हिसक्याची मला भीती वाटते. हात झोळीत घालून, आहे तसा सांभाळून दवाखान्यात न्यावा. तिथे एक्स-रेच्या आधी डॉक्टर दंडाच्या बाहेरच्या बाजूला, खांद्याच्या जरा खाली, टाचणी किंवा कापूस टेकवतात. ब्रिटिश सैनिकांच्या बाहीवर पलटणीचा बिल्ला असायचा, ती ही जागा. तेवढा तळहाताएवढा तुकडा बधिर असला तर ते लिहून ठेवायचं. या खुणेवरही पूर्ण विसंबता येत नाही. कातडीला कळत असतं तरी स्नायू झोपलेला असू शकतो. म्हणून खांद्यावर बोटं ठेवून, हात न हलवता, कोपर जरा बाहेर दाबायला सांगतात आणि स्नायू आवळतोय का ते चाचपतात.

मग खांदा बसवतात. आणि बसल्यावर तीच टाचणी, त्याच जागी, दोन्ही दंडांवर पुन्हा टेकवून विचारतात: दोन्हीकडे सारखंच लागतंय का?