सभा बिंदू चौकात, मतं यादीत

कोल्हापुरात राजकीय आव्हान द्यायचं तर ‘या बिंदू चौकात’ असंच देतात. ९ डिसेंबर १९५० रोजी समाजसुधारक भाई माधवराव बागलांच्या पुढाकाराने महात्मा फुले आणि डॉ. आंबेडकर यांचे पुतळे इथे उभे राहिले. आंबेडकर तेव्हा हयात होते. संयुक्त महाराष्ट्राच्या वाऱ्यात १९५७ साली शेतकरी कामगार पक्षाचे भाऊसाहेब महागावकर कोल्हापुरातून लोकसभेवर गेले, त्या काळात शेवटच्या दिवसांचा प्रचार म्हणजे अशा चौकातली भरगच्च सभा. वक्ता तोडीचा असला की निम्मं काम झालं, असं मानायचे.

उरलेलं निम्मं काम मात्र सभा उठल्यावर सुरू होतं, आणि कोल्हापूर त्यातच तरबेज झालं. इथे त्याला ‘जोडण्या लावणं’ म्हणतात. जाहीर प्रचार थांबला, भोंगे उतरले की जोडण्यांची रात्र सुरू.

या कामाच्या दोन शाळा. पहिली पेठेतली तालीम. शिवाजी पेठ, मंगळवार पेठ इथल्या तालमी आणि तरुण मंडळं कुस्ती, फुटबॉल, गणपती सगळं सांभाळतात. कुठल्या घरात कोण आजारी, कुणाचं कुणाशी वाकडं, हे त्यांना तोंडपाठ असतं. मतदारयादी हाती आली की आधी ती गल्लीवार फोडायची. मयत, दुबार, परगावी अशा खुणा करायच्या. आपला, त्यांचा आणि कुंपणावरचा, अशी छाननी करायची. पुण्या-मुंबईला नोकरीला गेलेल्या पोरांना फोन करून गाडीची सोय लावायची. मतदानादिवशी केंद्राबाहेरच्या टेबलावर हीच यादी पसरलेली असते. मत पडेल तसं नाव खोडलं जातं आणि दुपारनंतर न खोडलेल्या नावांच्या दारात माणूस जाऊन उभा राहतो. तांबड्या-पांढऱ्या रश्श्याच्या जेवणावळींची चर्चा खूप होते. पण जेवण दोन्हीकडचं जेवता येतं, हे मतदारालाही कळतं आणि वाढणाऱ्यालाही. निकाल फिरतो तो या खोडाखोडीने.

दुसरी शाळा सहकाराची, आणि ती जास्त कडक. १९६३ साली स्थापन झालेल्या ‘गोकुळ’ दूध संघात मतदार असतो गावची दूध संस्था. संस्थेने ठराव करून एक प्रतिनिधी द्यायचा, त्याचंच मत. त्यामुळे लढाई उमेदवारी अर्जाच्या कितीतरी आधी, ठराव कुणाच्या नावाने होतो तिथेच जुंपते. एकाच संस्थेतून दोन ठराव आले की वाद सहकार खात्याच्या दारात. मे २०२१ मध्ये, ऐन कोरोनात, साडेतीन हजारांच्या वर ठरावधारक आणि २१ जागा अशी लढत झाली. एवढ्या थोड्या मतदारांना नावानिशी ओळखता येतं, सहलीला नेता येतं आणि एकाच रंगाच्या टोप्या घालून रांगेत उभंही करता येतं. मतदान जवळपास शंभर टक्के झालं. काँग्रेसचे सतेज पाटील आणि राष्ट्रवादीचे हसन मुश्रीफ यांच्या आघाडीने १७ जागा घेत प्रतिस्पर्धी महाडिक गटाची अनेक वर्षांची सत्ता उलथवली. २०१९ च्या लोकसभेला गाजलेली पाटलांची ‘आमचं ठरलंय’ ही घोषणा इथे पुन्हा कामी आली. दोनच वर्षांनी राजाराम साखर कारखान्याच्या निवडणुकीत पाटील गटाने ‘कंडका पाडायचा’ (एकदाचा निकाल लावायचा) अशी आरोळी ठोकली, पण तिथे सगळ्या २१ जागा महाडिकांच्या पॅनेलने नेल्या. घोषणा जोरकस असली म्हणजे जोडण्या पक्क्या असतातच असं नाही.

महापालिकेत या दोन्ही शाळा एकत्र आल्या, पण टप्प्याटप्प्याने. १८५४ ची नगरपालिका १९७२ मध्ये महापालिका झाली. २०१५ ला एकेका नगरसेवकाचे ८१ प्रभाग होते आणि प्रभागात सरासरी साडेपाच हजार मतदार, म्हणजे तालमीच्या आवाक्यातला आकडा. काँग्रेसला २७ आणि राष्ट्रवादीला १५ जागा मिळाल्या. दोघांची बेरीज ४२, बहुमताला हव्यात ४१. दोन प्रभागांत थोडी मतं इकडची तिकडे झाली असती तर सत्तेचं गणितच बदललं असतं. शेवटच्या दोन रात्री कार्यकर्ता झोपत का नाही, ते यावरून कळावं.

त्या सभागृहाची मुदत २०२० मध्ये संपली आणि पाच वर्षं प्रशासकाने कारभार पाहिला. १५ जानेवारी २०२६ ला मतदान झालं ते नव्या रचनेत: २० प्रभाग, एकोणिसांत चार-चार जागा आणि एकात पाच. एकेका प्रभागात वीस हजारांच्या वर मतदार, दोन-तीन पेठांचे तुकडे एकत्र आलेले. एका तालमीला सगळी घरं माहीत असणं आता शक्य नव्हतं. त्यात मतदाराने एकाच खेपेला चार (एका प्रभागात पाच) बटणं दाबायची. सहकारातलं ‘पॅनेल टू पॅनेल’, म्हणजे सगळी मतं एकाच पॅनेलला, आणि ती फुटण्याची, क्रॉस व्होटिंगची धास्ती अशी शहरात उतरली. आपल्याच पॅनेलच्या ‘अ’ जागेवरच्या उमेदवाराचा माणूस दारात येऊन ‘बाकीचे तुमचे तुम्ही बघा, आमचं एक तेवढं द्या’ असं हळूच सांगून तर जात नाही ना, यावर पाळत ठेवणं हे ‘ब’, ‘क’ आणि ‘ड’वाल्यांचं रात्रीचं नवं काम झालं.