कावसजीचे नाक आणि भुवयांमधली धमनी

१७९२च्या लढाईत इंग्रज फौजेबरोबर बैल हाकणारा कावसजी हा मराठा गडी टिपूच्या कैदेत सापडला आणि नाक व एक हात गमावून बसला. वर्षभराने पुण्याजवळच्या एका कुंभार कारागिराने त्याला नवे नाक करून दिले. ही शस्त्रक्रिया कशी करतात हे मुंबई इलाख्यातल्या दोन इंग्रज डॉक्टरांनी पाहिले होते, आणि तिचे वर्णन लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ने ऑक्टोबर १७९४मध्ये छापले. मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या जागी बसवून आकार घ्यायचा, तो कपाळावर सपाट पसरून कडेने रेघ ओढायची, तेवढी कातडी सोलून खाली वळवायची आणि वरून ओल्या काताच्या चिंध्या ठेवायच्या. चार दिवसांनी तुपात भिजवलेले कापड. मात्र कातडी पुरती तोडायची नाही. भुवयांच्या मध्ये एक चिंचोळी पट्टी जोडलेली ठेवायची आणि ती कापायची थेट २५व्या दिवसाच्या सुमारास.

माझ्या मते त्या कारागिराचे खरे कसब या पट्टीत होते. तिच्यातून वाहणाऱ्या रक्तावरच नवे नाक जगत होते. कपाळाकडे जाणारी तिथली धमनी ही डोळ्याला रक्त पुरवणाऱ्या धमनीचीच शाखा आहे. म्हणूनच आज चेहऱ्यात फिलर, म्हणजे खळगे भरणारे जेल, टोचताना भुवयांमधली हीच जागा सर्वांत धोक्याच्या जागांत मोडते. सुई धमनीत शिरली तर दाबाने जेल उलटे सरकून डोळ्याच्या पडद्यापर्यंत पोहोचते आणि दृष्टी जाऊ शकते. त्वचेचे रक्त अडले तर ती काळी पडून सडते. हा धोका जुनाच आहे. व्हिएन्नाचे शल्यचिकित्सक गेर्सुनी यांनी १८९९मध्ये असेच भरण म्हणून पॅराफिन टोचायला सुरुवात केली. त्या पॅराफिनने पुढे गाठी दिल्या, रक्तवाहिन्याही तुंबवल्या. मायर आणि पामर या शास्त्रज्ञांनी १९३४मध्ये गाईच्या डोळ्यातून वेगळे काढलेले हायलुरॉनिक ॲसिड, जे आजच्या बहुतेक फिलरमध्ये असते, त्या मानाने कितीतरी सौम्य, आणि हायलुरॉनिडेजच्या इंजेक्शनने विरघळणारे. हे विरघळवणारे औषध वेळेत दिले तर बहुधा त्वचा वाचते. पण गेलेली नजर क्वचितच परत येते. म्हणजे पदार्थ कितीही सुधारला तरी धमनी कुठे आहे हे हाताला ठाऊक असावेच लागते.

कोणी म्हणेल, त्या कुंभाराकडे तरी कुठे पदवी होती? नव्हती. पण तो परंपरेने चालत आलेली एकच क्रिया करत होता, उघड्या जखमेत, डोळ्यांदेखत. फिलरची सुई कातडीखाली आंधळेपणाने चालते, आणि तिथे शरीररचनेच्या अभ्यासाला पर्याय नाही. लंडनचे शल्यचिकित्सक कार्प्यू यांनी पुण्याची ही रीत १८१४मध्ये जिवंत माणसावर वापरली, ती आधी मृतदेहांवर करून पाहिल्यानंतरच. दुसरा आक्षेप असा की कावसजीची गरज होती, आजची हौस आहे. तो मला पटत नाही. अपघाताने खचलेला गाल भरून घेणे ही हौस नव्हे. आणि हौस असली तरी धमनी तुंबायची राहत नाही. उलट, जिथे आजार नाही तिथे डोळा पणाला लावताना काळजी दुप्पट हवी.

तेव्हा पुण्यात असो की बारडोलीसारख्या तालुक्याच्या गावी, पार्लरमध्ये कोणी स्वस्तात फिलर भरून देत असेल तर नकार द्या. डॉक्टरांकडे गेलात तरी सुई लागण्याआधी विचारा: कोणते फिलर आहे, सीलबंद आहे का, आणि हायलुरॉनिडेज याच खोलीत तयार आहे का? नंतर त्वचा पांढरी पडली, असह्य दुखले किंवा दिसणे अंधुक झाले तर सकाळची वाट पाहू नका, त्याच क्षणी डॉक्टर गाठा.